साक्षीची सही

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बोअरचा पंप हवा ओढायला लागला. सकाळी साडेसहाला दिगंबरने बटण दाबलं, तर ठिबकच्या नळ्यांतून आधी नुसती फुसफुस आली, मग लालसर पाणी आलं आणि थोड्या वेळाने तेही थांबलं. त्याने पंप बंद केला आणि कंबरेवर हात ठेवून शेडच्या भिंतीला टेकला.

"किती चाललं?" मीनाक्षीने भेंडीच्या ओळीतून विचारलं.

"दहा मिनिटं."

"काल वीस होतं."

"मला माहितेय काल किती होतं."

भेंडी तोडताना बोलायला फार जमत नाही. उन्हं वर यायच्या आत तोडून व्हावी लागते. अंगभर बाह्यांचा शर्ट, गळ्याभोवती ओढणी, हातात मोजे, आणि तरी मनगटाशी जिथे मोजा संपतो तिथे लव लागायची आणि दिवसभर खाज सुटायची. उत्तर कॅरोलिनाचा उन्हाळा दमट, पण त्या वर्षी पाच आठवडे पाऊस नव्हता. लाल माती भाजलेल्या विटेसारखी झाली होती. रात्री हरणं येऊन मुगाचे शेंडे खाऊन जात. रस्त्यापलीकडच्या कोंबड्यांच्या शेडचा वास वारा नसल्यामुळे जागच्या जागी साचून राहायचा.

मॉरिसव्हिलपासून पस्तीस मैलांवर त्यांची नऊ एकर जमीन होती. सहा वर्षांपूर्वी, एकावन्नाव्या वर्षी, दिगंबर भोयरची नोकरी गेली. वर्षभर तो इंटरव्ह्यू देत राहिला. अर्ध्या वयाची पोरं व्हिडिओवर त्याची परीक्षा घ्यायची आणि नंतर कळवायचीही नाहीत. मीनाक्षी हिंगणघाटजवळच्या शेतकऱ्याची मुलगी. एक दिवस तीच म्हणाली, "इथल्या लोकांना ताजी भेंडी, मेथी, कारली मिळत नाहीत. आपण लावू." घर विकून त्यांनी ही जमीन घेतली. आता मॉरिसव्हिलची बेचाळीस कुटुंबं दर शनिवारी त्यांच्याकडून भाजीचा बॉक्स घेत. ही कुटुंबं जमवली होती हिमानीने. हिमानीचा नवरा अतुल दिगंबरचा नागपूरचा, कॉलेजातला मित्र. बॉक्स सुरू ठेवणं आणि बंद करणं दोन्ही हिमानीच्या हातात होतं, आणि हे ती कधी बोलून दाखवत नसे.

पलीकडच्या ओळीत यूलिता तोडत होती. तिचा हात मीनाक्षीपेक्षा जलद चालायचा. ती रस्त्याच्या वळणावरच्या ट्रेलरमध्ये राहायची. नवरा, डेल, लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि महिन्यातले तीन आठवडे बाहेर असायचा. चार वर्षांपूर्वी ती कुंपणापाशी येऊन तिखट मिरच्या आहेत का म्हणून विचारायला थांबली, ती तेव्हापासून येतच होती. मूळची इंडोनेशियाची, सुंबा नावाच्या बेटावरची. कोणी "म्हणजे बाली का?" विचारलं की ती चिडायची. मीनाक्षी इंडियन स्टोअरमधून तिच्यासाठी सुपारी आणायची. दोघींचं इंग्रजी मोडकं, पण वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं, म्हणून एकमेकींना पुरायचं.

"त्याची कंबर आज वाईट आहे," यूलिता म्हणाली.

"रोजच आहे."

"शनिवारी बॉक्स मी उचलते. मी येते तुमच्याबरोबर."

मीनाक्षीने मान हलवली. मनात ती शनिवारचाच विचार करत होती. अतुलने दिगंबरला नोकरी देऊ केली होती. बालीजवळ कुठल्यातरी बेटावर अतुलचा गुंतवणूकदारांचा ग्रुप जमीन घेत होता, तिथे व्हिला बांधणार होता, आणि व्हिलांच्या बाजूला शेत करायचं होतं. दोन वर्षं दिगंबरने तिथे राहून शेत उभं करायचं. पगार, राहायला घर, दोघांचा आरोग्य विमा. शनिवारी अतुल हे सगळं लोकांना दाखवणार होता, आणि दिगंबरने त्याच्या बाजूला उभं राहायचं होतं. विम्याचं ऐकून मीनाक्षीला त्या रात्री कितीतरी दिवसांनी नीट झोप लागली होती.

शनिवारी चार वाजता त्यांनी व्हॅन अतुलच्या सोसायटीच्या क्लबहाउससमोर लावली. हिमानी दारातच उभी होती.

"मीनाक्षी, बॉक्सेस मागच्या दाराने घेशील का, प्लीज? पुढे प्रेझेंटेशनचा सेटअप आहे." मग यूलिताकडे बघून हळू आवाजात, "हेल्परला किचनमध्येच थांबू दे हं. आत फॅमिलीज आहेत."

दिगंबरला अतुलने पुढे बोलावून घेतलं. त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी घातली. टोपीवर देवनागरीत प्रोजेक्टचं नाव, ‘निवांत’, लिहिलेलं होतं. इस्त्रीचा शर्ट, उन्हाने काळी पडलेली मान आणि वर ती कोरी टोपी. मीनाक्षीला तो कोणाच्यातरी लग्नात चुकून वऱ्हाडात उभा राहिल्यासारखा वाटला.

दोघी किचनमध्ये बॉक्स रचत होत्या. किचनला हॉलकडे उघडणारी मोठी खिडकी होती, तिथून चहा-समोसे बाहेर जायचे. हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं, मागे मुलं. अतुल माइक घेऊन बोलत होता.

"फ्रेंड्स, हे बालीसारखं क्राउडेड नाहीये. बाली वीस वर्षांपूर्वी जसं होतं ना, तसं हे आहे. आज एंटर केलं तर केलं, नाहीतर पाच वर्षांनी आपणच म्हणू, यार, तेव्हा का नाही घेतलं!"

पडद्यावर ड्रोनने घेतलेलं चित्र सरकायला लागलं. निळा समुद्र, गवताची टेकडी, टेकडीच्या खांद्यावर उंच निमुळत्या छपरांची अकरा घरं, मधल्या अंगणात मोठमोठे सपाट दगड.

यूलिताच्या हातात बॉक्स होता. तो तिने खाली ठेवला नाही आणि वरही ठेवला नाही.

"ही सध्याची वस्ती," अतुल सांगत होता. "या लोकांना आपण खालच्या बाजूला रीलोकेट करतोय, सिमेंटची पक्की घरं देऊन. म्हणजे त्यांचंही भलंच होणार आहे. आणि हे जे दगड दिसतायत ना, हेरिटेज स्टोन्स, हे आपण ठेवणार आहोत. इथे योगा डेक. सनसेट बरोब्बर समोर."

"डॅड, डझ इट हॅव वायफाय?" मागून एका मुलाने विचारलं. सगळे हसले.

"लोकल लोकांची काही हरकत वगैरे?" एका बाईने विचारलं.

"सगळ्या वारसांच्या सह्या आहेत. हंड्रेड पर्सेंट क्लीन."

मीनाक्षीने बाजूला बघितलं तर यूलिता नव्हती. ती दारातून हॉलमध्ये गेली होती, बॉक्स कंबरेवर तसाच घेऊन, डेलचा जुना शर्ट, गुडघ्यांवर लाल माती. ती खुर्च्यांमधून सरळ पडद्यापर्यंत गेली. पडद्यावरच्या एका दगडावर तिने बोट ठेवलं, तेव्हा टेकडी तिच्या हातावर आणि चेहऱ्यावर पडली.

"हा माझा बाप," ती इंग्रजीत म्हणाली.

"सॉरी, मॅम?"

"दगड नाही. थडगं. खाली माझा बाप आहे. याच्या बाजूला माझा भाऊ. हा दगड ओढायला चार दिवस लागले. दीडशे माणसं. दोरानं. मी पण दोर धरला. हे लाइवारा आहे. हे माझं गाव."

अतुलने दिगंबरकडे पाहिलं, मग मीनाक्षीकडे. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"फ्रेंड्स, काय योगायोग आहे बघा! आपल्याकडे तिथली लोकल लेडी आहे!" मग इंग्रजीत, "मॅम, तुमच्या भाषेत वेलकम कसं म्हणतात? सांगा ना आम्हाला."

एकाने टाळी वाजवली. मग दोघांनी. मग सगळ्यांनीच, अगदी मनापासून, कौतुकाने टाळ्या वाजवल्या. कोणीतरी फोन काढून शूटिंग सुरू केलं.

यूलिताने बॉक्स सोडला. भेंड्या, मिरच्या, कारली फरशीवर घरंगळत पहिल्या रांगेतल्या पायांपर्यंत गेली.

"वहिनी, त्यांना जरा पाणी द्या ना," अतुल माइकमध्येच म्हणाला. "हीट असेल. बाहेर फार गरम आहे."

दिगंबर तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने टोपी काढली नाही. तो खाली बघत होता, त्याच्या बुटाजवळ आलेल्या एका कारल्याकडे. मीनाक्षी गेली, तिने यूलिताचा दंड धरला आणि तिला बाहेर आणलं. पडलेली भाजी हिमानीने नंतर कोणाकडून तरी झाडून घेतली असेल.

परतीच्या वाटेवर यूलिता मागे रिकाम्या क्रेट्समध्ये बसून फोन लावत होती. तिकडे रविवारची पहाट झाली होती. शेजाऱ्याने फोन तिच्या आईला नेऊन दिला. पंधरा-वीस मिनिटं तिच्या भाषेतलं बोलणं चाललं. मध्येच ती ओरडली, मग गप्प झाली. फोन ठेवल्यावर तिने पुढे बघत सांगितलं, "झऱ्याला कुंपण घातलं. पाइप टाकला. गावात खुंट्या मारल्या, लाल रिबिनीच्या. आईने दोन उपटल्या तर पोलीस आले. तिने मला सांगितलं नाही. मी काळजी करीन म्हणून."

दिगंबर गाडी चालवत होता. टोपी डॅशबोर्डवर होती.

दुसऱ्या दिवशी सात वाजता यूलिता दारात उभी. रात्रभर झोपलेली नव्हती.

"तो म्हणाला, सगळ्या वारसांच्या सह्या. बाप मेला, भाऊ मेला. आईला लिहिता येत नाही. राहिले मी. मी सही केली नाही. मग माझी सही कोणी केली?"

मीनाक्षीने दिगंबरकडे बघितलं. "तुझ्याकडे फाइल आहे ना? अतुलने पाठवलेली."

"ती कॉन्फिडेन्शिअल आहे, मीनाक्षी. टीमपुरती."

"उघड."

"अगं, मी अजून जॉइनही झालो नाही..."

"उघड म्हटलं ना!"

त्याने लॅपटॉप ओट्यावर ठेवला. फाइल इंडोनेशियन भाषेत होती, मध्ये मध्ये इंग्रजी. यूलिता उभ्यानेच वाचत होती, ओठ हलवत. लाइवाराची घरं, वरचं गवताळ रान, झरा, सगळं ऐंशी वर्षांच्या कराराने दिलेलं होतं. एकेका पानावर लोकांच्या सह्या आणि अंगठे. तेविसाव्या पानावर ती थांबली.

तिथे तिची सही होती. गोल, शाळकरी अक्षरातली, तिचीच. आणि तिच्याखाली, साक्षीदार म्हणून, देवनागरीत लिहिलेलं होतं: मीनाक्षी दि. भोयर.

मीनाक्षीने स्क्रीन आपल्याकडे वळवला. तिला सगळं आठवलं. दोन वर्षं झाली होती त्याला. याच ओट्यावर. यूलिताच्या चुलतभावाने, उंबूने, फोनवर एकच पान पाठवलं होतं. गावात सरकारी पाण्याची टाकी येतेय, सगळ्या घरांच्या सह्या लागतात, खाली एक साक्षीदार लागतो, म्हणाला होता. प्रिंटर मीनाक्षीकडे होता. दोघींनी हसत सही केली होती. "मराठीत केली तर चालेल?" तिने विचारलं होतं आणि यूलिता म्हणाली होती, "चालेल, छान दिसते." मग मीनाक्षीनेच ते पान स्कॅन करून परत पाठवलं होतं.

"टाकीचा कागद," यूलिता म्हणाली.

"हो."

"तू वाचलं नाहीस."

"तुझ्या भाषेत होतं ते, यूलिता. मला काय कळणार? तू तरी वाचायचंस."

"मला एकच पान आलं. त्यावर फक्त नावं होती."

"मग मी काय करू? तू म्हणालीस म्हणून मी नाव लिहिलं!"

आपला आवाज चढलाय हे मीनाक्षीला कळलं. यूलिता तिच्या हाताकडे बघत होती, ज्या हाताने सही केली त्या हाताकडे. मग ती वळली आणि शेतात गेली. मोजे न घालता तिने भेंडीच्या चार ओळी दुपारपर्यंत तोडल्या. संध्याकाळी तिचे हात कोपरापर्यंत लाल सुजलेले होते. मीनाक्षीने खोबरेल तेल नेलं तर तिने दार उघडलं नाही.

मीनाक्षीने अतुलला फोन लावला.

"वहिनी, मी स्वतःहून हे काढणार नव्हतो," अतुल शांतपणे म्हणाला. "पण आता तुम्ही बघितलंच आहे, तर सांगतो. सही तुमची आहे. साक्षीदार तुम्ही आहात. आमच्या लोकल पार्टनरने कागद आणले, आमच्या वकिलाने चेक केले. आता तुम्ही म्हणताय की तुम्ही न वाचता साक्ष दिली. हे कोणासमोर बोलू नका. तुमचं सिटिझनशिपचं चालू आहे ना? तिथे कॅरेक्टर बघतात."

"तू मला धमकी देऊन राहिलास का, अतुल?"

"वहिनी, मी काळजीपोटी सांगतोय."

तिने फोन ओट्यावर आपटला. काच तडकली नाही, याचाही तिला राग आला.

आठवड्याने यूलिता पुन्हा आली. दारात उभी राहून, आत न येता, तिने कामाचं सांगितलं. तिकडच्या जिल्ह्याच्या गावातली एक वकील बाई लाइवाराची केस घ्यायला तयार होती. तिला दोन कागद हवे होते. एक यूलिताचा, आणि एक साक्षीदाराचा. त्या दिवशी फक्त एक पान समोर होतं, करार नव्हता, टाकी म्हणून सांगितलं होतं, एवढं साक्षीदाराने शपथेवर लिहून द्यायचं.

"तू देशील?"

"देते," मीनाक्षी म्हणाली.

त्या रात्री जेवताना तिने दिगंबरला सांगितलं. त्याने घास ताटात परत ठेवला.

"वेड लागलंय का तुला? स्वतःच्या हाताने लिहून देणार की मी खोटी साक्ष दिली?"

"खोटी नाही. न वाचता दिली."

"सिटिझनशिपच्या ऑफिसरला हा फरक समजणारे का? अठरा वर्षं, मीनाक्षी! अठरा वर्षं लाइनीत उभे राहून इथवर आलोय. सप्टेंबरात इंटरव्ह्यू आहे."

"आणि तिकडे म्हातारीच्या दारात खुंट्या मारल्यायत."

"मी मारल्या का?"

"तू टोपी घालून उभा होतास."

तो उठायला गेला, पण कंबरेने त्याला अर्ध्यातच धरलं. टेबलाला धरून तो तसाच वाकलेला राहिला, आणि त्याच अवस्थेत ओरडला, "माझं शरीर बघ! ही भेंडी मी आणखी किती वर्षं तोडणार आहे? दोन वर्षांचा पगार होता तो. विमा होता. कुणाचं काय झालं त्याला मी काय करू?"

"माझ्या नावाने झालंय ते," ती म्हणाली. "माझ्या सहीने एका बाईच्या बापाच्या छातीवर योगा करणार आहेत लोक. आणि मला सांगतात, गप्प राहा, तुझं कॅरेक्टर बघतील. हे कॅरेक्टर घेऊन काय करू मी, दिगंबर? फ्रेम करून लावू?"

तो तसाच वाकलेला खोलीत गेला. तिने त्याचं ताट उचललं नाही. सकाळी त्यावर मुंग्या होत्या.

कागद तिने स्वतः लिहिला. तिला येत होतं तेवढ्या इंग्रजीत, तीन वेळा लिहून, तिसऱ्यांदा यूलिताला वाचून दाखवून. डेलच्या जुन्या पिकअपमधून दोघी गावातल्या बँकेत गेल्या. तिथे नोटरीचं काम करणारी एक म्हातारी गोरी बाई होती, साखळीचा चष्मा घातलेली. तिने मीनाक्षीचं लायसन्स बघितलं, हात वर करायला सांगितला आणि विचारलं, "यात लिहिलंय ते तुम्ही वाचलंय आणि ते खरं आहे?"

गेल्या वेळी हे विचारणारं कोणी नव्हतं आणि तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"वाचलंय," ती म्हणाली. "खरं आहे."

सही तिने याही वेळी देवनागरीतच केली. दोन्ही सह्या एकाच हाताच्या आहेत हे दिसायला हवं होतं.

बाहेर आल्यावर यूलिताने पिकअपचं दार उघडलं, पण ती बसली नाही.

"मी तुला अजून माफ केलं नाही," ती म्हणाली. "स्वतःलाही नाही."

"बस. मेथीचं बी घ्यायचंय."

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी हिमानीचा मेसेज आला. ग्रुपला काही काळ ब्रेक हवाय, सगळे व्हेकेशनवर आहेत, तेव्हा बॉक्सेस सध्या कॅन्सल, खाली हात जोडल्याचं चित्र. बेचाळीसच्या बेचाळीस एकाच दिवशी. सगळी कुटुंबं एकदमच व्हेकेशनवर कशी जातील, एवढंही खोटं नीट बोलायची गरज तिला वाटली नव्हती. तोडलेली भेंडी कूलरमध्ये काळी पडली. न तोडलेली झाडावर बोटाएवढी होऊन निबर झाली, वाळून उलली. मीनाक्षी पहाटे उठून रविवारच्या जुन्या बाजारात दोन क्रेट घेऊन बसायला लागली. मेक्सिकन बायका मिरच्या घ्यायच्या, भेंडी तळायला म्हणून एखादा म्हातारा पौंडभर घ्यायचा. उरलेलं ती परत आणून खड्ड्यात टाकायची. टाकताना प्रत्येक क्रेट ती गरजेपेक्षा जोरात आपटायची.

दिगंबर कामं करत होता, पण बोलत नव्हता. पंप लावायचा, कुंपणाची तार ओढायचा, गोळी घेऊन पडायचा. "मीठ दे," "फोन वाजतोय," एवढंच. नोकरीचं काय झालं हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी एकदाचा पाऊस आला. त्याच आठवड्यात यूलिता लाइवाराला गेली. तिकडच्या कोर्टाने वस्ती आणि झऱ्यावरचं काम निकाल लागेपर्यंत थांबवलं होतं. वरच्या रानातलं काम मात्र थांबवलं नव्हतं. तिथे बुलडोझर फिरत होता. यूलिताने फोटो पाठवला. तिची आई, वाळलेल्या काटकीसारखी बाई, त्या सपाट दगडावर पाय सोडून बसली होती आणि कॅमेऱ्याकडे न बघता रानाकडे बघत होती. खाली यूलिताने लिहिलं होतं, "ती रोज बसते. उंबू रस्त्याने गेला की थुंकते."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिगंबरने गुडघ्यांवर बसून मेथीचे वाफे पेरले. दोन दिवस लागले त्याला. शेवटची ओळ मातीने झाकत असताना अतुलची मोठी पांढरी गाडी गेटातून आत आली. तो उतरला आणि सरळ चालत वाफ्यांपर्यंत आला. पायात पांढरे बूट. मीनाक्षी शेडजवळ नळ्या गुंडाळत होती. तिच्याकडे त्याने बघितलं नाही.

"दिग्या, वहिनींना समजाव यार," तो म्हणाला. "त्या एका कागदाने सगळं अडकलंय. लोक पैसे परत मागतायत. मला रोज शिव्या खाव्या लागतायत. फार काही नको. दोन ओळींचा मेल, की नीट आठवत नाही, कदाचित सगळी पानं असतील. संपलं. तुझी नोकरी अजून ओपन आहे. बॉक्सेस उद्यापासून सुरू. हिमानीशी मी बोलतो."

दिगंबर मातीवरून हात फिरवत राहिला.

"तुमच्या इंटरव्ह्यूचीही तारीख आलीय ना? कशाला रिस्क?"

"ते लोक कुठे जाणार होते?" दिगंबरने विचारलं.

"कोण? अरे, त्यांना घरं देतोय ना खाली. सिमेंटची."

"आणि दगडाखालचे?"

"दगडाखालचे काय?" अतुल हसला. "इमोशनल होऊ नकोस यार. कुठलं बेट, कुठली माणसं. आपला काय संबंध?"

दिगंबरने पहिल्यांदा वर बघितलं. आधी त्याच्या तोंडाकडे, मग त्याच्या बुटांकडे.

"पाय काढ."

"काय?"

"पेरलंय तिथे. पाय काढ."

अतुलने खाली बघितलं आणि पाय उचलून शेजारी ठेवला.

"तिथेही पेरलंय."

"मग उभं कुठे राहू मी?"

"गेटाबाहेर," दिगंबर म्हणाला.

अतुलने पुन्हा हसून बघितलं. मग तो लांब लांब ढांगा टाकत निघाला आणि जाताना आणखी दोन वाफे तुडवून गेला. गाडी रस्त्याला लागल्यावर दिगंबर कंबर धरून हळूहळू उभा राहिला. मीनाक्षी जवळ आली होती. तिच्या हातात दाताळं होतं.

"एवढं बोलायला सात आठवडे लागले तुला," ती म्हणाली.

तिने दाताळं त्याच्या हातात दिलं, स्वतः बियांचा डबा उचलला आणि तुडवलेल्या वाफ्याशी जाऊन बसली.